रजिस्टरात ‘रिकामी’ लिहिलेली बंदूक

टोपी बसवून मी घोडा मागे ओढला होता. बंदुकीचं तोंड मागच्या कुडाच्या भिंतीकडे होतं. भिंतीच्या पायथ्याशी कापसाचा एक पुंजका ठेवला होता. चापावर बोट जाणार, एवढ्यात बाजूला बसलेल्या मंजुळाबाई म्हणाल्या, “मिस्तरी, थांबा. गज टाकून बगितला का?”

ही साठच्या दशकातली गोष्ट. पालघरच्या बाजारात एका शेटजींच्या बंदुकीच्या दुकानात मी दुरुस्तीचा मिस्त्री होतो. त्याआधी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा. पंधरा वर्षं हातात हत्यारं होती आणि त्याची थोडी घमेंडही होती.

मंजुळाबाई मनोरकडच्या. वय तिशीचं. वडिलांची एकुलती एक मुलगी. वडील वारले आणि त्यांची ठासणीची बंदूक हिच्याकडे आली. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. नळीत आधी काळी दारू ओतायची, तिच्यावर चिंधी ठासायची, मग छर्रे, वर पुन्हा चिंधी. ठासायला जी लांब काठी लागते तिला गज म्हणतात. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक पोकळ बोंडी असते, ती निपल. तिच्यावर तांब्याची टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलमधून आत जाते.

लायसन्सवाला वारला की त्याचं हत्यार ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या दुकानात जमा करावं लागतं. ही बंदूक दहा महिने आमच्याच रॅकमध्ये उभी होती. आता पीकसंरक्षणाचं लायसन्स बाईंच्या नावावर झालं होतं. भात पोटरीला आलं होतं. रानडुकरं शेतात उतरायला लागली होती. कचेरीतल्या साहेबांनी लायसन्स देताना एकच अट घातली होती, की आधी कुणाकडून तरी नीट शिकून घ्या. म्हणून त्या आल्या होत्या.

पहिला धडा म्हणून मी टोपी फोडून दाखवणार होतो. नळी मोकळी असेल तर टोपीची नुसती हवा तोंडातून बाहेर येते आणि कापूस हलतो. बघणाऱ्याला ते लगेच समजतं.

“बाई, रिकामी आहे ती,” मी म्हणालो. “तुमच्या काकांनी जमा केली तेव्हाच विचारून घेतलंय. रजिस्टरात लिहिलंय.”

“काकांना काय ठावं? ते वायले राहतात, दुसऱ्या घरात. बाबा शेतातल्या राखणीच्या माळ्यावरनं उतरले ते तापानंच. मंग उठलेच नाय. तवा भात उभा होता.”

“मग?”

“भात उभा असताना बाबांची बंदूक कदी रिकामी नसायची.”

मी घोड्यावर अंगठा ठेवला, चाप हलकेच दाबला आणि घोडा तसूतसूने खाली सोडायला लागलो. हे काम मी शेकडो वेळा केलेलं. पण त्या दिवशी अंगठ्याला घाम सुटला होता. घोडा अर्ध्यावर अडकवला. टोपी काढून पाण्याच्या वाटीत टाकली. मग गज नळीत सोडला.

गज खाली टेकला. तोंडापाशी चिमटीत धरून तो बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून बघितला. त्याचं टोक निपलपर्यंत पोचायला हवं होतं. चार बोटं अलीकडेच थांबलं.

शेटजी गल्ल्यावरून उठून आले. “काय झालं?”

“भरलेली आहे.”

“पण रॅकमध्ये तर तुम्हीच ठेवलीत ना?”

“मीच ठेवली.”

तेवढ्यात कुडाच्या पलीकडून आवाज आला, “घे गो, ताजी हाय, सकालचीच हाय!” दातिवऱ्याची मासळीवाली रोज दुपारी तिथेच टोपली उतरवून सावलीला बसायची. ती तिथे बसते हे मला माहीत होतं. कारवीचा कूड छर्रे अडवत नाही, हेही माहीत होतं. मी स्टुलावर बसलो.

मंजुळाबाईंनी माठातलं पाणी आणून दिलं. “लागली तर नाय ना कुनाला? मंग झालं.”

मग काम सुरू केलं. नळीत पाणी ओतलं, निपलमधूनही सोडलं. दारू पुरती भिजेपर्यंत बंदूक मागच्या मोरीत उभी ठेवली. गजाला पेच लावून वरची चिंधी ओढून काढली. निळ्या लुगड्याचं कापड होतं. “आईचं,” बाई म्हणाल्या. त्यामागून छर्रे, मग दुसरी चिंधी, मग काळा चिखल. दारू दहा महिन्यांत दमट झाली होती की तशीच जिवंत होती, हे आता कळायला मार्ग नव्हता. मला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

शेटजींनी रजिस्टर काढलं. “खाडाखोड चालणार नाही मिस्त्री. इन्स्पेक्शन असतं.”

“खोडत नाही. शेऱ्यात लिहितो. ‘भरलेली आली, मिस्त्रीने तपासली नव्हती.’ खाली सही करतो.”

“तुमची चूक कायमची कागदावर राहील.”

“राहू दे.”

शेटजींनी दौत पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजी, मी आणि बाई गावाबाहेरच्या खाजणात गेलो. आधी गज टाकला, तोही बाईंनी. टोपी फोडली, समोरचं पान हललं. मग दारू निम्मीच भरायला सांगितली. पुढे चिटपाखरू नाही हे बघून त्यांनी बार काढला. पांढऱ्या धुराचा लोट उठला. बाई दोन पावलं मागे सरकल्या, पण बंदूक हातातून सुटली नाही.

“खांदा दुखला का?” मी विचारलं.

“दुखला.” त्या हसल्या. डोळे मात्र भरले होते. “पण आवाज बाबांचाच हाय.”

कापणी झाल्यावर त्या टोप्या न्यायला आल्या. दोनदाच हवेत बार काढावा लागला, म्हणाल्या. भात घरात आलं होतं.

पुढे मी वीस वर्षं त्या दुकानात काढली. ‘रिकामी आहे का?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचं मी त्या दिवसापासून सोडून दिलं. गिऱ्हाईक खोटं बोलतं म्हणून नव्हे. बहुतेक वेळा त्यालाही दुसऱ्या कुणीतरी तसं सांगितलेलं असतं.