खासगी निरोप घेतला जाणार नाही

शशिकांत मोकल गेल्याचं मला रामवाडीच्या पिठाच्या गिरणीत कळलं. आमच्या हॅम मंडळींच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो आणि खाली ‘देवमाणूस गेला’. एकानं लिहिलं की बाकीचे तेच लिहीत सुटतात. मी हा शब्द त्यांच्या आसपासही कधी वापरला नसता. माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की आता हा माणूस मला ‘चुकलं’ म्हणणार नाही. त्या एका शब्दाची मी वर्षानुवर्षं वाट बघितली, आणि तो न देताच त्यांनी गाशा गुंडाळला.

हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून हौसेनं वायरलेस चालवणारे लोक. पैसे मिळत नाहीत, पण पूर येऊन फोन बंद पडले की कचेऱ्यांना आमची आठवण होते. मग आम्ही सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतो, त्याला नेट म्हणतात. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही, म्हणून एक जण कंट्रोल असतो आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणी बोलायचं नाही. पेण-रोह्याचे कंट्रोल कायम मोकल. धाटावला कंपनीत नोकरी, रोह्यासमोर नदीपलीकडच्या अष्टमी गावात घर, शिफ्ट सुटली की सेटसमोर. आवाज खणखणीत, माणूस तिरसट. एका सायकल शर्यतीत आमचं नेट मदतीला होतं, तेव्हा मी ‘पाणी जरा कमी आहे’ असा निरोप दिला, तर सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई, जरा म्हंजे किती? शाळेत पोरांना असंच शिकवता काय?” मी विज्ञान शिकवते. नव्या माणसाला तर ते असे फाडून खायचे की दोघा-तिघांनी सेटच विकून टाकले. ते आता श्रद्धांजली वाहताहेत.

कुंडलिकेला मोठा पूर आला तेव्हा माझी आई अष्टमीत एकटी होती. पूल बंद, फोन बंद. मी पेणला कचेरीत सेट घेऊन बसले होते, बोटींचे आणि औषधांचे निरोप उतरवून देत. शेवटी राहवेना, म्हणून विचारलं, “माझी आई बरी आहे का, एवढंच कळवा.”

“खासगी निरोप घेतला जानार नाय. लाइन मोकळी करा.”

मी पुन्हा विचारलं.

“बाई, एकदा सांगितलेलं कळत नाय काय?”

मग अंधार पडेपर्यंत मी दुसऱ्यांची माणसं वाचल्याचे निरोप घेत होते, आणि आपली आई गेली असं मनाशी धरून चालले होते... ते धरून चालणं मी अजून विसरलेले नाही.

पाणी उतरल्यावर धावत गेले तर आई धडधाकट. आणि तिच्या माडीवर मोकलांचा सेट, बॅटरी, बाहेर कठड्याला बांधलेली अँटेना. त्यांच्या घरात पाणी शिरलं म्हणून ते माझ्याच आईच्या माडीवर बसून नेट चालवत होते. “तुझा आवाज ऐकला ना मी,” आई कौतुकानं म्हणाली. “त्यांना चहा देत व्हते तवाच.”

मी मोकलांना विचारलं, एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

“मग सगळ्यांनीच विचारलं असतं. निम्म्या नेटची मानसं हितं अडकलेली. तुमाला सांगायचं आनि त्यांना नाय?”

“मानूस कामात व्हता गो,” आई म्हणाली. “नको भांडूस.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच डोकं जास्त फिरलं. बरोबर असलेल्या माणसानं समोरच्याच्या हालांबद्दल दोन शब्द बोलू नयेत, असं कुठे लिहिलंय? पुढे मी कितीदा तरी विषय काढला. ते नुसते हसायचे.

त्यांच्यामागे कंट्रोलची जागा माझ्याकडे आली. यंदा पेणला गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत पोलिसांच्या मदतीला आमचं नेट होतं. आमच्यात एक रीत आहे. कुणी हॅम गेला की पुढच्या नेटवर त्याचं कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं नाव, पुकारतात आणि सगळे थोडा वेळ गप्प राहतात. मिरवणूक ऐन रंगात असताना एकानं सुचवलं, “मोकलसाहेबांचं कॉल साइन पुकारू या का?”

मी बटण दाबलं आणि म्हटलं, “खासगी निरोप घेतला जाणार नाही. लाइन मोकळी करा.”

काम चालू होतं हे खरंच, शोधलं असतं तर नियमातही बसलं असतं. पण मी नियमासाठी बोलले नव्हते. मी सूड घेतला, आणि मला छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुलभावहिनींचा, म्हणजे मोकलांच्या बायकोचा, फोन आला. मोकलांचा सेट अजून घरात आहे, वहिनी नुसतं ऐकत बसतात.

“काल ऐकलं मी. बरोबर केलंस. ते असते तर त्यांनी पन हेच केलं असतं.”

म्हणजे माझा सूडही त्यांच्याच खात्यावर जमा. मी विचारलं, “वहिनी, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?”

“वाटलं ना. पन त्यात नवीन काय गो? त्यांच्या नियमापायी वाईट वाटून घ्यायचं काम माझंच व्हतं.” मग म्हणाल्या, “लेकीला, नातवंडांना बोलावून बसले व्हते... नाव पुकारतील म्हनून.”

आणि लगेच जेवण झालं का वगैरे विचारून त्यांनी फोन ठेवला.

मोकलांवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, आणि होईल असं वाटत नाही. पण या रविवारी मी अष्टमीला जाणार आहे. वहिनींच्या समोर बसून मला ‘चुकलं’ म्हणायचं आहे. मोकलांना ते कधी जमलं नाही. मला जमतं का बघू.