झडतीबाई

राहात्याच्या त्या छोट्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी आलेला माणूस आधी सिस्टरांच्या तावडीत सापडायचा. 'औषधं कुठली चालू आहेत?' असं त्या विचारतच नसत. 'पिशवी पालथी करा,' म्हणायच्या. पिशवी झाली की खिसा, खिसा झाला की उशी. पेशंट पाठीमागे त्यांना झडतीबाई म्हणत आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

त्यांचं म्हणणं, आपल्याकडे औषध म्हणजे फक्त बीपीचं नाहीतर शुगरचं. 'खाजेची गोळी, सर्दीची गोळी, अंगावर पित्त उठल्यावरची गोळी, हिला कुनी औषध म्हनतच न्हाई. शेंगदान्यासारख्या खात्यात. अन् भुलीच्या डॉक्टरला नेमकं तेच ठाऊक पायजे असतं.' अशा गोळीची गुंगी असताना वर भूल दिली तर गुंगी वाढते, हे त्या आल्यागेल्याला ऐकवत.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, कोपरगावकडचे ऊसवाले. हर्नियासाठी त्यांना भरती केलं. डॉक्टरांनी विचारल्यावर नाना छातीठोकपणे म्हणाले, 'आपल्याला गोळीची सवयच न्हाई.' मीही मान डोलावली. सिस्टरांनी पिशवी पाहिली, खिसा पाहिला आणि उशीखालच्या पान-तंबाखूच्या चंचीला हात घातला. माझं डोकंच फिरलं.

'अहो, पेशंट आहेत ते, चोर नाहीत.'

'चोराची झडती पोलीस घेत्यात, ताई. मी गोळ्यांची घेते.'

चंचीतून सुपारी निघाली, चुन्याची डबी निघाली आणि पांढऱ्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली.

'ही व्हय? ही तर पाचटाच्या खाजेची,' नाना म्हणाले. 'रोज एक घेतो. पाच-सा वर्सं झाली आसतील.' उसाच्या पाचटानं त्यांना खाज सुटते हे मला माहीत होतं, गोळीचं नव्हतं. सख्खी मुलगी असून.

सिस्टर पट्टी घेऊन तडक भुलीच्या डॉक्टरांकडे गेल्या. गोळीत स्टिरॉइड होतं. वर्षानुवर्षं ते बाहेरून मिळालं की शरीर आपलं आपण तयार करायचं विसरतं आणि ऐन ऑपरेशनात बीपी कोसळू शकतं, असं डॉक्टरांनी मला समजावलं. नाना घाबरून 'आजपास्नं बंद' म्हणाले, तर सिस्टर त्यांच्यावरच कडाडल्या, 'मनानं घ्यायची न्हाई, तशी मनानं सोडायचीबी न्हाई.' तपासण्या झाल्या, ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं, ऑपरेशनच्या वेळी द्यायची स्टिरॉइडची इंजेक्शनं ठरली आणि नाना टेबलावरून सुखरूप परतले. बीपी जागचं हललं नाही. मी सिस्टरांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, 'आधी घरचं फडताळ तपासा.'

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला नानांना आणि मलाही बोलावलं होतं. तिथे भुलीच्या डॉक्टरांनी दवाखान्याचा नवा फॉर्म वाचून दाखवला. पहिलाच प्रश्न होता: खाजेची, सर्दीची, पित्ताची कुठली गोळी घेता? टाळ्या थांबेनात. मला रडू आवरेना, आणि त्याची लाजही वाटली नाही.

तेवढ्यात नाना उठले, टेबलाशी गेले आणि त्यांनी आपल्या हातानं चंची पालथी केली.

'घ्या बाई, शेवटची झडती.'

गोळी एकही नव्हती. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत कधीच सोडवली होती. सिस्टरांनी चष्मा लावून सगळं निरखलं आणि तंबाखूची पुडी तेवढी बाजूला काढली.

'अन् ही कुन्या डॉक्टरनं दिली, नाना?'

नाना पुडी तिथेच ठेवून जागेवर येऊन बसले.