आमचे साडू आणि फोनातली बाई

जिथे म्हणून काही लिहिलेलं असेल तिथे जाऊन लिहिणाऱ्याशी भांडायचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळालेला आहे, असं मानणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. मी त्या घरचा जावई झालो तेव्हा ते आधीपासून तिथे होतेच, त्यामुळे मला तक्रारीला जागा राहिली नाही. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी केटररला बोलावून त्याच्या टोपीवरचं नक्षीदार अक्षरांतलं नाव वाचून दाखवायला लावलं होतं. त्याला ते आलं नाही. पुढे एकदा नात्यातल्या लग्नाची पत्रिका आली. मरून रंगावर सोनेरी अक्षरं, त्यावर वेलबुट्टी, वेलबुट्टीच्या आड कुठेतरी मुहूर्त. दुसऱ्या कुणी फोन करून वेळ विचारली असती. आमचे साडू त्यांच्या गावाहून, धावड्याहून, जीप पकडून थेट मुलाच्या वडिलांच्या दारात गेले आणि पत्रिका त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "मुहूर्त काढून दाखवा यातून." ते गृहस्थ चष्मा लावून पाहतात, काढून पाहतात, पत्रिका लांब धरतात, तिरकी धरतात, शेवटी आतून बायकोला हाक मारतात. साडू म्हणाले, "तुम्हाला तुमच्याच पोराचं लगीन सापडंना, मंग आम्ही कसं यावं?" आणि पोटभर चहा-पोहे खाऊन परत आले. लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर होते.

या स्वभावाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे असं माझी मेव्हणी म्हणते. साडू एसटीत कंडक्टर होते. बोर्ड वाचता न येणारा माणूस चुकीच्या गाडीत बसला तर ती चूक त्या माणसाची, असं सगळं जग मानतं. साडूंच्या मते ती कंडक्टरची. म्हणून स्टँडवर गाडी लागली की ते दारात उभे राहून असं ओरडत, की गाडीतल्यांना तर कळेच, पण समोरच्या रसवंतीतल्या माणसालाही आपण हसनाबादला जायला हवं की काय असं वाटू लागे. छोटं बोलायचं, जोरात बोलायचं, आणि गावाचं नाव आधी सांगायचं, हे त्यांचं तत्त्व. निवृत्तीनंतर ओरडायला गाडी उरली नाही, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझं भोकरदनला स्टँडजवळ दुकान आहे. तिथे मी शाळा, दवाखाने, खतांची दुकानं अशा लोकांच्या वेबसाइटी बनवतो. साडूंना या धंद्याचा शोध लागला आणि माझी सुखाची झोप गेली.

ते यायचे, माझा फोन उचलायचे आणि तडक बाहेर रस्त्यावर उन्हात जाऊन उभे राहायचे. मी सुंदर फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर सजवलेली असायची. बाहेरून आवाज यायचा, "पाव्हणं, कोरं पान दाखवून राह्यले का?" दुकानाच्या सावलीत बसून शेतकऱ्यासाठी लिहिणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने कोरड्या विहिरीत पोहणं शिकवणं. मग दुसरी परीक्षा. एका हातात माझ्याच दुकानातली पाण्याची बादली धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सगळी वेबसाइट चालवून पाहायची. "मानसाचा एक हात कायम कशात तरी गुतलेला असतो. पोरगं असतं, दावं असतं, फटफटीचं हँडल असतं," असं म्हणत असताना बादलीतलं पाणी माझ्या वायरींवर हिंदकळत असे. मी एके ठिकाणी 'येथे क्लिक करा' असं लिहिलं होतं, त्यावर तर ते अर्धा दिवस चिडलेले होते. "इथं म्हंजे कुठं? दाबल्यावर काय व्हईल ते काहून सांगत न्हाई? दार उघडतं का विहीर?" आणि वाक्यं मोठ्याने वाचायची तऱ्हा तर काय सांगावी. 'सदर संकेतस्थळावर उपलब्ध करून देण्यात आलेल्या सुविधांचा लाभ घेण्याकरिता' इथवर ते एका दमात आले, थांबले, छाती धरली आणि म्हणाले, "ही गाडी घाटातच बंद पडली." मी त्या ठिकाणी 'दवाखाना रविवारीही उघडा असतो' असं लिहिलं, तेव्हा कुठे त्यांनी बादली खाली ठेवली.

दरवेळी ते बरोबर असत असं मात्र मुळीच नाही. एकदा माझ्या गैरहजेरीत त्यांनी एका शाळेच्या पानावरची अक्षरं एवढी मोठी करून ठेवली, की फोनवर एका वेळी फक्त 'मुख्या' एवढंच दिसे आणि 'ध्यापक' पाहायला बोट सरकवावं लागे. मुख्याध्यापकांचा फोन आला. साडूंनीच तो उचलला आणि त्यांनाच दटावलं, की तुमचा हुद्दाच लांबलचक आहे, त्याला मी काय करू.

असा हा माणूस गेल्या वर्षी एका गोष्टीसाठी खरोखर अस्वस्थ झालेला मी पाहिला. धावड्यात त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीत सुजाता राहते. जन्मापासून दिसत नाही. वडील मजुरीला जात, आई बचत गटात. घरात शिकण्याची जिद्द मोठी, पण पुस्तकं वाचून दाखवायला कुणी नाही. ते काम साडूंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ड्युटीवरून आले की पायही न धुता ते तिच्या ओसरीवर बसायचे आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र स्टँडवरच्याच आवाजात वाचायचे. त्यामुळे गल्लीतल्या म्हाताऱ्यांनाही संविधानाची प्रास्ताविका पाठ झाली. सुजाता बी.ए. झाली. नंतर ती बोलका फोन वापरायला शिकली, म्हणजे पडद्यावरचं लिहिलेलं फोनच वाचून दाखवतो तसला. त्या आवाजाला साडू 'फोनातली बाई' म्हणतात आणि तिचा उल्लेख नेहमी आदराने करतात.

त्याच सुमाराला धावड्याच्या मिरची उत्पादकांच्या गटाला फोनवर बसायला माणूस हवा होता. बाहेरचे व्यापारी दिवसभर फोन करत. आज कोणती मिरची आली, माल भिजलेला आहे का, गाडी कधी निघणार, हे सगळं गटाच्या वेबसाइटवर रोज टाकायचं आणि फोनवर बसणाऱ्याने ते वाचून सांगायचं, अशी योजना. साडूंनी बैठकीत सुजाताचं नाव सुचवलं. अध्यक्ष भला माणूस, पण म्हणाले, "दादा, पोरगी हुशार हाय, मान्य. पर तिला पान कसं दिसंल?" साडू म्हणाले, "दिसायची गरजच न्हाई. बाई वाचती, ती ऐकती." शेवटी ठरलं, की पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सुजाताने पान वाचून दाखवावं. जमलं तर काम तिचं, नाही जमलं तर दुसरं कुणी.

वेबसाइट मीच बनवली होती. सुजाताला घेऊन साडू दुकानात आले, तिने फोन हातात घेतला, पान उघडलं. फोनातली बाई म्हणाली, "चित्र." सुजाताने बोट सरकवलं. बाई म्हणाली, "चित्र." आणखी सरकवलं. "चित्र." आणि बाई गप्प झाली. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

झालं होतं ते आमच्या मुलखात व्हायचं तेच. आमच्याकडे कुठलीही गोष्ट जगाला सांगायची तर आधी फ्लेक्स करायचा. वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो, फ्लेक्सवाला मागे उगवता सूर्य घालतो, कडेला झेंडूची माळ घालतो, ओळीने फोटो लावतो आणि उरलेल्या जागेत मजकूर भरतो. गटाने फ्लेक्सवाल्याकडूनच सगळी पानं करून आणली आणि म्हणाले, असंच चढवा. मी चढवली. डोळ्यांना अक्षरं दिसत होती, पण फोनच्या लेखी ती सूर्य आणि झेंडूसारखीच रंगाची सरमिसळ होती. "पाव्हणं," साडू हळू आवाजात म्हणाले, आणि ते हळू बोलले म्हणूनच मी घाबरलो, "दार काढलंय भिंतीवर. उघडना ते."

मग आम्ही ते फ्लेक्स उतरवून सगळा मजकूर अक्षर न अक्षर नव्याने टाइप करायला घेतला. पहिल्याच दिवशी साडूंनी अक्षरं पुन्हा बोर्डाएवढी करायला लावली. "सुजातासाठी करून राह्यलो, कंजूषी बिलकुल करू नका." सुजाता शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "काका, अक्षर तांदळाएवढं असू द्या न्हाईतर बैलाएवढं, मला सारखंच." साडू स्वतःच एवढे हसले, की शेजारचा झेरॉक्सवाला पाहायला आला. तरी जाताना माझ्या कानात म्हणालेच, "जरा मोठंच ठिवा. अध्यक्षाच्या आईला दिसंल."

खरी अडचण फोटोंची होती. मजकूर टाइप करा, पण आमचे फोटो काढून टाकायचे नाहीत, यावर कमिटीचं एकमत होतं, आणि एवढ्या वर्षांत त्यांचं कशावर एकमत झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, फोटो राहू द्या, प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहून ठेवता येतं. ते पानावर दिसत नाही, पण बोलका फोन वाचतो. साडूंचे डोळे लकाकले. ती वर्णनं त्यांनी मला सांगितली आणि मी टाइप केली. 'अध्यक्ष. गुलाबी फेटा. मिशा नुकत्याच काळ्या केलेल्या. हसायचा प्रयत्न चालू.' 'उपाध्यक्ष. फोटो स्वतःच्या लग्नातला. शेजारची बायको कापलेली, तिचा हात खांद्यावर राहिलेला.' 'सचिव. मोबाइल कानाला लावलेला. पलीकडे कोणी नाही.' मी हात जोडले. म्हटलं, साडूभाऊ, नुसती नावं लिहू, बैठकीत हे मोठ्याने वाजेल. ते म्हणाले, "डोळे असणारा जे बघून हसतो, ते तिच्यापासून काहून चोरायचं?" मी वर्णनं तशीच ठेवली.

बैठक शाळेच्या पडवीत भरली. सुजाता मध्ये खुर्चीवर. साडू कोपऱ्यात उभे, त्यांनी घातलेला पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. सुजाताने फोनचा आवाज मोठा केला आणि पान उघडलं. बाई बोलू लागली. गटाचं नाव, गावाचं नाव, आणि मग ठसठशीत आवाजात: "चित्र. अध्यक्ष. गुलाबी फेटा. मिशा नुकत्याच काळ्या केलेल्या..." अध्यक्षांचा हात आपोआप मिशांकडे गेला. मी बाहेर चप्पल कुठे काढली ते आठवू लागलो. तेवढ्यात उपाध्यक्षांच्या खांद्यावरचा हात आला, सचिवांचा फोन आला, आणि मागच्या सतरंजीवरून उपाध्यक्षांच्या बायकोचाच आवाज आला, "सापडला बाई माझा हात!" मग जो हशा पिकला त्यात अध्यक्षही मिशा झाकून सामील झाले.

हशा ओसरतो न ओसरतो तोच अध्यक्षांच्या खिशातला फोन वाजला. नागपूरचा व्यापारी होता, खराखुरा. अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि तो वाजता फोन सुजाताच्या हातात दिला. साडूंनी डोळे मिटले. सुजाताने स्वतःच्या फोनची वायर एका कानात घातली, अध्यक्षांचा फोन दुसऱ्या कानाला लावला. "नमस्कार, धावडा मिरची गट. बोला... हो, आज हिरवी आहे, काळ्या वाणाची भिजल्यामुळे बाजूला काढली आहे, ती पाठवणार नाही... गाडी संध्याकाळी निघेल... नाही साहेब, भोकरदनमार्गे." अंगठा पानावरून सरसर फिरत होता आणि ती कुठे अडखळली नाही. व्यापाऱ्याने आणखी काही विचारलं, ती म्हणाली, "एक मिनिट," आणि मिनिटाच्या आत उत्तर दिलं. फोन ठेवला. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "मी बी सचिवाच्या फोनवर त्येच पान उघडून बसल्तो. माझ्या आधी तिला सापडलं. काम तिचं." टाळ्या वाजल्या. सुजाताची आई रडू लागली. आणि आमचे साडू, त्यांना राहवलं नाही, शाळेच्या पायरीवर उभे राहून त्यांनी स्टँडवरची ती जुनी आरोळी ठोकली, "धावडाऽऽ! चला, धावडाऽऽ!" गुरं वळवणारे थांबले. गाडी नव्हती, कुणी चढलं नाही, पण त्या दिवशी अख्खं गाव कुठेतरी पोहोचलं होतं. अध्यक्षांनी फक्त मिशांचं तेवढं वाक्य काढायला सांगितलं. सुजाताने ठामपणे नकार दिला.

आता ती रोज फोनवर बसते. तिचं ऐकून आणखी गावांचे गट माझ्याकडे आले, आणि फ्लेक्सवालाही वर्णन कसं लिहायचं ते साडूंना विचारून जातो. सगळं छान चाललंय. मधे एका दुपारी साडू दुकानात आले. फोन उचलला नाही, उन्हात गेले नाहीत, बादलीकडे पाहिलंसुद्धा नाही. काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र होतं. बराच वेळ स्टँडवरच्या गाड्या पाहत बसले. मी काय झालं म्हणून विचारलं.

"सुजाताकडं गेल्तो, पेपर घिऊन. म्हनली, काका, मी वाचला सकाळीच. मी म्हनलं, अग्रलेख बी? म्हनली, अग्रलेख बी." ते हसले. "चांगलंच झालं की. त्याच्यासाठीच तर केलं सगळं. बराबर झालं." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पन आवाजाला आता कामच न्हाई राह्यलं, पाव्हणं."

मी कॉम्प्युटर बंद केला, त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, मला वाचून दाखवा. ते म्हणाले, "तुमचे डोळे तर शाबूत हायेत." मी म्हटलं, असू द्यात, वाचा. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पेपर उलगडला, घसा साफ केला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आधी आवाज जरा दबलेला होता. तिसऱ्या बातमीला तो दारापर्यंत पोहोचला, चौथीला रस्त्यापर्यंत. एक लांबलचक वाक्य आलं, ते कसंबसं संपवून साडूंनी पेपरवरून डोळे वर केले.

"समजलं का?"

समजलं होतं. मी म्हटलं, "नाही. पुन्हा एकदा वाचा."