सांध्यातला सरस

शिनोलीच्या भागुजीने उभ्या आयुष्यात दारं केली, खिडक्या केल्या, शाळेचे बाक केले, एकदा एका हौशी माणसाला कोंबड्यांसाठी दुमजली खुराडंही करून दिलं. पण एक दिवस तू मोटार दुरुस्त करशील, असं त्याला कुणी म्हटलं असतं, तर त्याने त्या माणसाला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

तरी मोटार आली. जुन्नरच्या सुदर्शनच्या आजोबांची, टेम्पोत घालून आणलेली. वरून पत्रा आणि आत सगळा लाकडी सांगाडा. त्या सांगाड्याचे सांधे उघडले होते, त्यामुळे दार लावलं की अख्खी गाडी कण्हायची. पुण्यातल्या कारागिरांनी सांगाडा नवा करा म्हणून सांगितलं, पण सुदर्शनला आजोबांच्या वेळचंच लाकूड हवं होतं. भागुजीचे बाक त्याने कुठल्याशा शाळेत पाहिले होते. तो ओट्यावर बसला, भागुजीच्या बायकोने, द्रौपदाने दिलेला चहा प्याला आणि म्हणाला, "भाऊ, जमंल का? न्हाई म्हणलात तरी राग न्हाई."

भागुजी हो म्हणाला. काम नाकारणं त्याच्या जिवावर यायचं, आणि त्याचं कारण जुनं होतं. भागुजी सुताराच्या घरातला नव्हे. वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला, गावची मेलेली ढोरं ओढायचं काम त्याच दिवशी सोडलं आणि हातात सुताराची पटाशी धरली. मेल्या जनावराचं काहीही पुन्हा या घरात येणार नाही, असं ते म्हणाले. शब्दाचे असे पक्के की मरेपर्यंत चामड्याची वहाण पायात घातली नाही. भागुजीही अजून रबरी चपलाच वापरतो. इकडे गावात एखादं दार पावसाळ्यात फुगलं, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "चालायचंच. त्यो काय जातीचा सुतार न्हाई." फुगलेलं दार कधीकधी भलत्याच सुताराचं असायचं, पण ते कोण बघतो?

तर भागुजीने सांधे सोडवले, नेहमीचा पांढरा गोंद लावला आणि शिकंज्यात आवळले. चार दिवसांनी शिकंजा काढून हाताने जरासा दाब दिला. टक्क. सांधा उघडा. पुन्हा गोंद लावला, या वेळी आठ दिवस ठेवला. पुन्हा टक्क. भागुजी चक्रावला. गोंद तोच, हात तोच, याच गोंदाचे बाक पोरं दहा वर्षं बडवत होती.

"मोटारीला तुमी पसंत न्हाई दिसत," द्रौपदा म्हणाली.

त्याने सांधा निरखून पाहिला. कुसवावर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकावर, जुना तपकिरी थर होता. तो खरवडावा तर कुसू बारीक होणार आणि खाचेत डुगडुगणार. त्याने गरम पाण्याचं फडकं ठेवून पाहिलं. थर चिकट झाला, आणि असा वास सुटला की भागुजी दोन पावलं मागे सरला.

त्या थराची एक खपली पुडीत बांधून तो एसटीने जुन्नरला गेला. जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने ती बघितली, हुंगली आणि परत दिली.

"सरस हाय हा, जुन्या काळचा गोंद. ह्याच्यावर दुसरं काय बी धरत न्हाई, सरसच लागतो. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून पातळ करायचा. उकळू द्यायचा न्हाई, ताकद जाती."

"कशाचा करत्यात?"

"ढोराच्या कातड्याचा, हाडांचा. आनि कशाचा?"

भागुजीने सरस घेतला खरा, पण येताना पुडी मांडीवर ठेवेना. सीटखाली ठेवली, आणि चोरीला जाईल म्हणून सारखा वाकून बघत राहिला. घरी आल्यावर दुसरा पेच. घरात येणार नाही, असा वडिलांचा शब्द. मग कामाची शेड घरात धरायची का? शेडची भिंत घराला लागून होती. शेवटी पुडी शेडच्या पत्र्यावर गेली आणि दगडाखाली आठवडाभर राहिली. सरस वापरावा तर वडिलांचा शब्द मोडतो, आणि मोटार परत करावी तर गाव म्हणतं तेच खरं ठरतं. भागुजीला काही सुधरेना. जेवताना मीठ दोनदा घ्यायचा.

एका दुपारी द्रौपदा रानात गेली होती आणि आई, लंकाबाई, झोपली होती. भागुजीने शेडच्या मागे तीन दगड मांडून जाळ केला आणि भांड्यात भांडं ठेवलं. सरस विरघळायला लागला तसा वास पसरला. शहाऐंशी वर्षांच्या आईला दिसायचं कमी, पण नाक शाबूत. पदर नाकाला लावून, काठी टेकत ती बरोबर तिथेच आली.

"काय शिजवतो रं?"

भागुजीने सगळं सांगितलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. आई दगडावर बसली.

"तुझ्या बापानं ढोरं वढायचं का सोडलं, ठाव हाय?"

"घाण काम म्हणून."

"घाण शेणात बी हाय, ते म्या जल्मभर काढलं. पाटलाचा सांगावा आला की जेवत्या ताटावरनं उठावं लागायचं. न्हाई म्हणायची सोय नव्हती. ते सोडलं त्यानं. ह्या मोटारवाल्यानं तुला हुकूम केला, का इचारलं?"

भागुजीला ओट्यावर बसून चहा पिणारा सुदर्शन आठवला.

"इचारलं. न्हाई म्हणलात तरी राग न्हाई म्हणला."

"आनि तू?"

"मी व्हय म्हणलो."

"मंग जाळ कमी कर. उकळाया लागलंय."

भागुजीने एक लाकूड मागे ओढलं. आई उठली नाही. तिने नाकाचा पदर काढला आणि सरस उतरेपर्यंत तिथेच बसून राहिली.

सांधे धरले. मोटार जुन्नरला गेली, दार लावलं तर आता कण्हत नाही. वडिलांना हे पटलं असतं का, हा घोळ भागुजीच्या डोक्यात अजून मिटलेला नाही. उरलेल्या सरसाची पुडी मात्र त्याने पत्र्यावरून उतरवून घरातल्या फळीवर, वडिलांच्या पटाशीशेजारी ठेवली आहे.