थंडीत ताठणारा पाइप

नागपुरात दुकानदार माल भरतो तो मे महिना डोळ्यांपुढे ठेवून. ताडपत्री असो, रंग असो की पाण्याची टाकी, पहिला प्रश्न एकच, ऊन सोसेल का? सदरमध्ये माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, त्याला तीस वर्षं झाली. कंप्रेसरचा हवेचा पाइप विकतानाही मी हेच बघत आलो. जाड प्लास्टिकचा, आत दोऱ्याची जाळी असलेला पाइप उन्हात फाटत नाही, म्हणून तोच मी सगळ्यांच्या गळ्यात मारायचो. कुणी थंडीचं विचारलंच, तर मी हसायचो. एका ग्राहकाने मला त्या हसण्याची लाज वाटायला लावली.

त्या ग्राहकाचं नाव माया रामटेके. खापरखेड्याला, वीज केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. मूळ दुकान वडिलांचं, धम्मानंदजींचं. त्यांचे गुडघे गेले तेव्हा मायाबाई बाविशीच्या होत्या. पोरीच्या जातीनं ट्रकचं चाक खोलायचं म्हणजे काय, असं म्हणत नातेवाइकांनी नाकं मुरडली. मायाबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि दुकानही बंद केलं नाही. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तरी पाना हातातून सुटला नाही. आज त्या पंचेचाळीसच्या आहेत. टायरवर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून हवा किती ते सांगतात म्हणे. मी पाहिलेलं नव्हतं, पण तिकडचे ड्रायव्हर पैजेवर सांगायचे.

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी त्या दुकानात आल्या. डाव्या डोळ्याखाली पट्टी होती. "जय भीम, वसंतभाऊ," म्हणाल्या आणि स्कूटरवरून आणलेलं पाइपाचं वेटोळं काउंटरवर ठेवलं.

"तुमचा पाइप आहे. सकाळच्या थंडीत लाकूड होऊन जाते हा. हवा भरायच्या गनजवळून निसटला अन् क्लिपासकट थोबाडावर बसला. चार टाके पडले. डॉक्टर म्हणे, अर्धा इंच वर लागलं असतं त डोळा गेला असता."

दुकानात दोन-चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर कुणी माझ्या मालाला नाव ठेवलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. मी म्हणालो, "क्लिप ढिली राहिली असन, बाई."

"मी आवळली होती. तेवीस वर्षं आवळून राहिली मी."

मी वेटोळं उचललं आणि सगळ्यांना दाखवत वाकवलं. पंचवीस किलोमीटर उन्हातून आलेला पाइप तो, मस्त मऊ पडला होता. "कुठं आहे ताठ? लोणी आहे लोणी!" लोक हसले.

मायाबाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. "आता दुपारचे दोन वाजून राहिले, भाऊ. सकाळी सहाले येऊन पाहा," एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी खरी अडचण सांगितली. राख वाहणारे टँकर प्लांटच्या रांगेत लागायला भल्या पहाटे येतात, त्यांचं सगळं काम सकाळी आठच्या आतलं. "अन् हे झाल्यापासून मी दहाशिवाय शटर उघडत नाही. ऊन येईपर्यंत पाइपाले हात लाववत नाही मले. अजून महिनाभर असंच चाललं त ड्रायव्हर दुसरं दुकान पाहतीन. मग माझ्या बापाचं दुकान गेलंच समजा. मले थंडीत चालणारा पाइप द्या."

मी त्यांच्या पाइपाचा फूटभर तुकडा कापून ठेवून घेतला. तपासून सांगतो म्हणालो. खरं सांगायचं तर बाईंची चूक सिद्ध करायची, हाच माझा इरादा होता.

आता नागपुरात दुपारी खापरखेड्याची पहाट कुठून आणायची? प्रताप नगरला घरी गेलो आणि सरळ फ्रिज उघडला. मायाबाईंच्या तुकड्यात पितळी निपल, म्हणजे जोडाची छोटी नळी, बसवलं, त्यावर क्लिप माझ्या हाताने करकचून आवळली आणि तुकडा कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवला. सोबत निळ्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पाइपाचा एक आणि काळ्या रबरी पाइपाचा एक, असे आणखी दोन तुकडे, तसंच निपल बसवून. बायकोने, कामिनीने, ते रात्रीचं दूध ठेवताना पाहिलं.

"अहो, उद्या पाइपाची भाजी करू का?"

"प्रयोग आहे," मी म्हणालो.

सकाळी साडेपाचला उठून तुकडे बाहेर काढले. प्लास्टिकचा तुकडा गुडघ्यावर ठेवून दाबला तरी धड वाकेना. निपलावरची क्लिप मी बोटाने फिरवली, तर ती फिरली. आदल्या संध्याकाळी मीच आवळलेली क्लिप! थंडीने पाइप कडक होऊन आक्रसला होता आणि क्लिपच्या पट्ट्याची पकड सुटली होती. जरा हिसका दिला, तर निपल हातात आलं. कामिनी चहा घेऊन आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

"माझ्या पायी त्या बाईचा डोळा गेला असता," मी म्हणालो. ती चहा ठेवून माझ्याजवळ बसली.

मग मी बाकीचे दोन तुकडे नीट पाहिले. निळा पीयू हलका आणि थंडीतही छान वाकत होता, पण सुरीचं टोक लागताच त्यावर चरा उठला. मायाबाईंच्या अंगणात गिट्टी, झिजल्या टायरच्या तारा, तिथे तो महिनाभर टिकला नसता. रबरी तुकडा मात्र दुपारी होता तसाच होता, मऊ, आणि निपलावर घट्ट बसलेला. त्याचा दोष एकच, वजन. मी लगेच मायाबाईंना फोन लावला आणि कंप्रेसरपासून टँकरच्या मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोजायला सांगितलं. तीस फूट निघालं. मी आजवर त्यांना पन्नास फूट देत आलो होतो, कारण गुंडाळी पन्नासचीच येते. तीस फूट रबर त्यांना सहज ओढता येणार होतं. तीस वर्षांत ग्राहकाला अंतर विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी कानटोपी, मफलर, स्वेटर असा जामानिमा करून मी सकाळी सहाला खापरखेड्यात हजर झालो. गाडीतून उतरताच दात वाजायला लागले. मायाबाईंनी शटर उघडलं, कंप्रेसरच्या टाकीत रात्रभर साचलेलं पाणी खालच्या नळातून काढून टाकलं आणि तो सुरू केला. मी सोबत आणलेला तीस फूट रबरी पाइप जोडला. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा लावल्या आणि उगाचच तीनदा आवळल्या.

तेवढ्यात एक टँकर येऊन थांबला. ड्रायव्हर खाली डोकावला. "मायाबाई, आज लवकर उघडलं? मागचं चाक बसून राहिलं, पाहा ना."

मायाबाईंनी गन उचलली. चाकाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. दुसरा हात आपोआप डोळ्याखालच्या पट्टीकडे गेला. त्यांनी गन खाली ठेवली. "दहा वाजता ये गा," ड्रायव्हरला म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्या चाकापासून दोन पावलं मागे सरल्या.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी चांगला पाइप निवडला म्हणून खूश होतो. पण या बाईला एकदा पाइपाने तोंडावर मारलं होतं, आणि तो पाइप मीच विकला होता. आता नुसता चांगला पाइप देऊन काय उपयोग?

"थांब गा," मी ड्रायव्हरला म्हणालो. "मायाबाई, आधी मी धरतो."

म्हणालो खरा, पण हवा भरलेला पाइप मी जन्मात कधी हातात धरला नव्हता. मी तो नुसता विकला, बस. वाकलो, गन व्हॉल्व्हला लावली, जोड बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला. खटका दाबला. हातातला पाइप फुगून टणक झाला आणि किंचित हलला. मला दरदरून घाम फुटला. गन टाकून पळावंसं वाटलं, अगदी खरं सांगतो. डोळे मिटावेसे वाटले, तेही मिटले नाहीत. मायाबाई बघत होत्या ना.

काहीच झालं नाही. हवा जात राहिली, चाक उठू लागलं. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मायाबाई हळूच शेजारी येऊन उकिडव्या बसल्या. त्यांनी दोन्ही क्लिपा बोटाने चाचपल्या, जोडाजवळ पाइप वाकवून पाहिला. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"सोडा भाऊ, मी धरते."

मी गन सोडली. त्यांनी ती धरली, पहिल्यांदा तोंड बाजूला वळवून, मग सरळ समोर बघत. हवा भरून झाल्यावर हातोडी घेऊन टायरवर दोन ठोके मारले, मान हलवली आणि ड्रायव्हरला जायला सांगितलं. टँकर गेला. त्याच्यामागे दुसरा येऊन लागला होता.

मी मफलरने कपाळ पुसलं. दोन दिवस मनात ठेवलेलं अखेर बोललो, "बाई, चूक माझी होती. वरून मी तुम्हाले लोकांसमोर हसलो."

"मालूम आहे मले," मायाबाई पाइप ओढत दुसऱ्या टँकरकडे निघाल्या होत्या, त्या वळल्या. "दुसऱ्या दुकानदारानं मले नवा पाइप दिला असता, भाऊ. पण माझ्यासंग चाकापाशी कोण बसलं असतं?"

आणि त्या वाकून कामाला लागल्या.