डावी बाजू

दादा शनिवारी गेला. त्याआधीच्या रविवारी आम्ही दोघं सोलापुरातल्या मिशनच्या शाळेत पियानोपुढे बसलो होतो. त्याला आता पन्नास वर्षं होतील.

आज कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. कसर लागू नये म्हणून त्या पियानोतही डांबरगोळ्या ठेवलेल्या असत. दादा तिथे संगीत शिकवायचा. त्या दिवशी त्यानं मला सिनेमातल्या एका गाण्याचे तीन कॉर्ड, म्हणजे साथीचे स्वरगट, दाखवले. डाव्या हातानं खालचा सूर एकदा, मग वरचे सूर दोनदा. उजव्या हातानं मी चाल धरली, पण मला घरच्या पेटीची सवय. डावा हात सारखा मागे जाऊन भाता शोधायचा.

"अगं, वारा कुणाला घालतेस?" दादा हसला. "सरक, डावी बाजू मी वाजवतो. पण शिकायला पाहिजे की तुला."

"कशाला? तू आहेस की!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा वाजवू लागला. छातीत दुखतं हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

नातीच्या कीबोर्डवर मी अजून ते गाणं वाजवते. फक्त उजव्या हातानं.