ग्लेनिसने ठेवून घेतलेली खुर्ची

ग्लेनिस स्टोव्हरच्या गॅरेजमध्ये गाडीला कधी जागाच मिळाली नाही. तिथे चाकाच्या खुर्च्या, वॉकर, बॅटरीच्या स्कूटर आणि वर-खाली होणारे पलंग दाटीवाटीने उभे असत. ओहायोच्या आमच्या या डोंगराळ भागात म्हातारे पुष्कळ, मरणारेही पुष्कळ. कुणी गेलं की मुलं दूरच्या शहरांतून येतात आणि पहिल्यांदा ही अवजड धुडं आमच्या चर्चच्या तळघरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आणून टाकतात. किमतीच्या रंगीत चिठ्ठ्या लावायचं काम माझं. ज्या दिवशी एखाद्या रंगाचा माल निम्म्या किमतीत निघे, त्या दिवशी ग्लेनिस दार उघडायच्या आधीच हजर. माल घासूनपुसून, नवी बॅटरी घालून ती फोनवर जाहिरात टाकायची.

असली वस्तू टपालाने जात नाही, गिऱ्हाइकालाच येऊन न्यावी लागते. म्हणजे गिऱ्हाईक आसपासचंच. म्हणून ग्लेनिसचा नेम होता, की इथे घेतलेला माल नदीपलीकडे बहिणीच्या अंगणात नेऊन विकायचा. "एखादी बाई बाजाराला निघालीय आणि नवऱ्याची स्कूटर दुसऱ्याच ढुंगणाखाली दिसली, तर काय वाटेल तिला?" ती म्हणायची. दुसरा नेम असा, की विकायची वस्तू घरात वापरायची नाही. मेलेल्या माणसाच्या वस्तूला घराची सवय लावू नये, असं तिची आई सांगायची.

हे दोन्ही नेम तिने नवऱ्यापायी मोडले. एर्विन लाकडाच्या वखारीत होता आणि असा बोलघेवडा, की त्याच्या थापा ऐकायला लोक वाकडी वाट करून येत. वसंतात त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ग्लेनिस दिवसभर त्याच्याशी बोलायची आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. "एक शिवी तरी घालू दे गं त्याने," ती मला म्हणाली होती. "हे घर मला खायला उठतं."

शरदात एक तरुण पिकअपमधून ती खुर्ची घेऊन आला. तपकिरी, गुबगुबीत, बटण दाबलं की बसलेल्याला पुढे झुकवून हळूहळू पायांवर उभं करणारी. त्याने गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. दान देणारा प्रत्येक जण करासाठी पावती मागतो. न मागणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

ग्लेनिसने खुर्ची उचलली. पण एर्विनला सोडून नदीपलीकडे जाणार कशी? तिने जाहिरात घरूनच टाकायची ठरवली आणि खुर्ची चालते हे दिसावं म्हणून त्यालाच तीत बसवून फोटो काढला. तेवढ्यात तो बोलला.

"ओपल, ताक आण."

ती धावतच माझ्याकडे आली. हसत होती, रडत होती. मी म्हटलं, "अगं, ओपल कोण?"

"असेल कुणीतरी! डोक्यात रक्त साचलंय, नावं इकडची तिकडे होणारच. बोलला ना तो!"

ताकात मक्याचा ब्रेड कुस्करून त्याने वाडगाभर खाल्ला. ताकाचा वासही न सोसणारा माणूस! त्या खुर्चीतून उठवलं की परत मुका. म्हणून तिने त्याला उठवणंच सोडलं. मी भेटायला गेले तर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिला कुणी बोलावलं?" आम्ही शाळेत एका बाकावर बसलेलो. आवाज त्याचाच होता, त्यामुळेच अंगावर काटा आला. त्याचा डावा अंगठा खुर्चीच्या हातावर एकाच जागी घासत होता, आणि तिथलं चामडं आधीच झिजून पांढरं पडलेलं होतं.

"आता विचारतो, कुठे गेली होतीस, फोन कुणाचा होता," ग्लेनिस लाजून म्हणाली. "उभ्या जन्मात कधी विचारलं नव्हतं मेल्याने."

फोनवरची जाहिरात काढून टाकायला मात्र ती विसरली. एका दुपारी मी सूप घेऊन गेले होते, तेव्हा ती जाहिरात बघून एक बाई आली. वाळकी, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खुर्चीची पाठ दाराकडे होती, एर्विनला ती दिसणं शक्य नव्हतं.

"आलीस?" तो म्हणाला. "कुठे उंडारत होतीस?"

बाईचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. "नवरा गेल्यावर मुलाला सांगितलं होतं, त्याची ही खुर्ची जाळून टाक," ती पुटपुटली. "त्याने दान केली. फोटोत तुमच्या यजमानांचा अंगठा त्याच झिजलेल्या जागी पाहिला, म्हणून आले. मागाल ती किंमत देते. आत्ता, इथे अंगणातच जाळते."

"नाव काय तुमचं?" ग्लेनिसने विचारलं.

"ओपल."

तेवढ्यात मोटार घुरघुरली. खुर्ची पुढे झुकू लागली. रिमोट जमिनीवर पडलेला होता आणि त्याच्या जवळ कुणीच नव्हतं.

"त्याला उभं राहू देऊ नका!" ओपल किंचाळली आणि मागे सरत पायऱ्या उतरली.

"वायर काढ, ग्लेनिस!" मी ओरडले. तिने काढली नाही. ज्या पायात जीव नव्हता त्या पायावर एर्विन उभा राहिला. त्याने आमच्याकडे मान वळवली, आणि त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. मी घाबरून ओपलपाठोपाठ अंगणात आले.

"तो उभा राहिला गं," ग्लेनिस आनंदाने रडत म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मग गॅरेजचं दार उघडलंच नाही. निम्म्या किमतीच्या दिवशी ती दिसेना, फोन उचलेना. शेवटी मी गेले आणि घराचं दार बडवत राहिले. ते फटीएवढं उघडलं.

"जा तू," ती कुजबुजली. "त्याला आवडत नाही कुणी आलेलं."

आतून एर्विनचा आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही," ग्लेनिस म्हणाली.

मी फटीत पाय घातला. "उद्या चर्चमधली चार माणसं आणते. खुर्ची उचलून नेऊ आणि संपवू हे."

"नको!" ती केवढी दचकली. "मग तो परत गप्प होईल गं." आणि गालावरचा निळा डाग तिने बाहीने झाकला.